दोनशे बारा सह्यांचं पाकीट

"ते पाकीट माझ्याकडे दे," एर्मिंदो म्हणाला. "बटाट्याची पोती घेऊन मी आजच शहरात चाललोय. दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो."

पोस्टमास्तर बेलार्मिनोने पोस्टाच्या खिडकीमागून नकारार्थी मान हलवली. "पोस्ट बंद करू नका म्हणून अर्ज करायचा आणि तो पाठवायचा तुझ्या होडीतून? हसतील लोक."

"हसू देत. पोचल्याशी कारण."

"पोचेल की. उद्याच्या टपाल-लाँचने जाईल, फार तर पाच दिवस. आज एकोणीस. मुदत तीस तारखेची आहे."

एर्मिंदोने एदुविनाबाईंकडे पाहिलं. बाईंनी केनवी बेटावरच्या तीन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली होती. या दोघांनाही. रहिवासी समितीच्या अध्यक्षही त्याच. तीन आठवडे चिखल तुडवत, दारोदार फिरून त्यांनी दोनशे बारा सह्या जमवल्या होत्या. सही न येणाऱ्यांचे अंगठे वेगळे.

"पोस्टानेच जाऊ दे," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांत याच्या हातून एक चिठ्ठी हरवलेली नाही."

बेलार्मिनोने तिकिटं चिकटवली आणि शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

मंगळवारी थैली गेली. शुक्रवारी त्याला राहवेना, म्हणून त्याने मोठ्या बेटावरच्या टपाल केंद्रात फोन लावला. तिथला रेमिहिओ ओळखीचा होता.

"तुमची थैली? ही काय, कोपऱ्यात आहे. उघडलेली नाही अजून," रेमिहिओ म्हणाला. "एकट्याने किती ओढू, बेलार्मिनो? सोडून गेलेल्या कारकुनाच्या जागी माणूसच देत नाहीत. पुढच्या आठवड्यात बघतो."

"त्यात एक महत्त्वाचं पाकीट आहे."

"सगळ्यांचंच महत्त्वाचं असतं, बाबा."

फोन ठेवून बेलार्मिनो धक्क्यावर गेला. एर्मिंदो होडी भरत होता. दुसऱ्या दिवशी त्याची खेप होती आणि टपाल केंद्र त्याच्या वाटेवरच होतं. रेमिहिओला एक चिठ्ठी लिहून दिली असती, तर पाकीट त्याच दिवशी शहरात पोचलं असतं. पण त्यासाठी एर्मिंदोसमोर तोंड उघडावं लागणार होतं.

"काय रे, तोंड का उतरलंय?" एर्मिंदोने विचारलं.

"काही नाही. वारा आहे."

रविवारी प्रार्थनेनंतर बाईंनी त्याला चर्चच्या पायरीवर थांबवलं. "पोचलं का रे?"

"पोचलं, बाई."

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाईंच्या नावाने विभागीय कार्यालयाचं रजिस्टर पत्र आलं. पाकिटाच्या जाडीवरूनच बेलार्मिनोला कळलं की आत एकच कागद आहे. दुपारपर्यंत ते त्याने खणात ठेवलं. मग बाहेर काढलं आणि टेकडी चढू लागला. आजवर त्याने कुणाचं पत्र दाबून ठेवलं नव्हतं.

बाई चुलीजवळ बटाटे किसत बसल्या होत्या. हात ओले होते.

"तूच वाच," त्या म्हणाल्या.

त्याने उभ्यानेच वाचलं. "...दिलेल्या मुदतीत रहिवाशांकडून कोणतेही निवेदन प्राप्त झाले नाही. सबब सदर कार्यालय वर्षअखेर बंद करण्यात येईल..."

बाईंचे हात थांबले. "प्राप्त झालं नाही? तू तर पोचलं म्हणालास."

"खोटं बोललो, बाई."

मग त्याने सगळं सांगितलं. थैली, रेमिहिओचा फोन, धक्का. शाळेत पाठ न झालेली कविता म्हणताना पाहायचा, तसा तो जमिनीकडे पाहत होता.

"एर्मिंदोला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

बाईंनी हात फडक्याला पुसले, पण पत्र घेतलं नाही. "लाज तुझी होती. ओर्तेन्सियाच्या पोरीची फिटची औषधं पोस्टाने येतात, ती तुझी नव्हेत." किसणी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आणि हे लोकांना कुणी सांगायचं? मी?"

"मी सांगतो."

संध्याकाळी दुकानात दहा-बारा जण होते. त्याने सांगितलं, तेव्हा कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ओर्तेन्सियाने घेतलेली साखर तशीच ठेवली आणि निघून गेली.

"त्या शुक्रवारी धक्क्यावर आला होतास," एर्मिंदो म्हणाला, "ते याचसाठी?"

"हो."

"वारा आहे म्हणालास."

"हो."

एर्मिंदोने दुकानदाराकडून दोरखंड मापून घेतला आणि खांद्यावर टाकला.

वर्षअखेरीला अजून वेळ होता, म्हणून नवा अर्ज घेऊन बाई पुन्हा चिखलात उतरल्या. या वेळी सह्या एकशे सत्तरच झाल्या. काहींनी दार उघडलं नाही. शेवटच्या कागदावर तळाशी बेलार्मिनोने आपली सही केली. सरकारी माणसाने करू नये म्हणून पहिल्या वेळी केली नव्हती. मग धक्क्यावर जाऊन त्याने एर्मिंदोला विचारलं, "मी येऊ?"

"जागा आहे," एर्मिंदो म्हणाला.

बेलार्मिनो पोस्टाचा कोट घरी ठेवून, बायकोने विणलेला जुना स्वेटर घालून निघाला. चार तासांच्या वाटेत दोघं दोनदाच बोलले, तेही होडीतलं पाणी उपसायच्या पंपाविषयी.

विभागीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर एक मुलगी होती. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"तिकीट नाही यावर?"

"हाताने आणलंय."

"कुठून?"

"केनवीहून."

"तिथे आपलं पोस्ट आहे ना?"

"आहे," बेलार्मिनो म्हणाला. मागे रांगेत एर्मिंदो उभा होता. "पण वेळेत पोचेल याची खात्री नव्हती."

तिने वर पाहिलं नाही. 'हस्ते' असं लिहून, शिक्का मारून पावती सरकवली.

पुढे केनवीचं पोस्ट टिकलं, आठवड्यातून दोन दिवसांपुरतं. पण ते कळायला सहा महिने लागले. त्या दिवशी हातात ती पावती तेवढी होती. बाहेर येऊन बेलार्मिनोने तिची चौकोनी घडी केली. स्वेटरला खिसा होता. तरी त्याने ती एर्मिंदोपुढे धरली.

"तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "बाईंना तूच दे."