लांबून फुंकर

"आई, खरं सांगा. झाडताना मशीनला धक्का लागला असेल. मी रागावणार नाही."

"जावईबापू, शपथ घेऊ का? हातसुद्धा लावलेला नाही. धूळ दिसली तर लांबून फुंकर मारते, बस."

"भांडं वगैरे पडलं असेल जवळ?"

"माझ्या घरात भांडी पडत नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं पातेलं असं आपटलं की मला आशा वाटली.

भूकंप झाला तर डोंगरातली कुठली जमीन किती हलेल, याचा अंदाज बांधणाऱ्या ऑफिसात मी मशिनं बसवतो. भूकंप कधी होणार ते कोणालाच सांगता येत नाही. तरी न्हावीसुद्धा गळ्यावर वस्तरा ठेवून मला तेच विचारतो. मागच्या आठवड्यात एक बारीक हादरा बसला. खाली दरीतल्या मशीनवर जेमतेम रेघ उठली. वर माथ्यावर, सासूबाईंच्या अडगळीच्या खोलीतल्या मशीनवर मात्र चौपट!

साहेब म्हणाले, "बिघडलं असेल, बघून ये. नसेल बिघडलं, तर अख्खा माथा नकाशावर लाल करावा लागेल."

त्याच माथ्यावर, त्याच घरात, बाळंतपणाला आलेली माझी बायको आणि नुकती जन्मलेली मुलगी राहत होत्या. आपणच बसवलेलं मशीन बिघडलेलं निघावं म्हणून जीपमध्ये मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

खोलीत गेलो. बोल्ट घट्ट होते. जाळं नाही की मुंगी नाही. सोबत आणलेलं दुसरं मशीन शेजारी ठेवलं आणि जमिनीवर टाच आपटली. दोन्ही मशिनांनी अगदी सारखी रेघ काढली. पुन्हा आपटली, पुन्हा तेच.

"मोडलंय का हो?" सासूबाई दारातून विचारत होत्या. आवाज आता मऊ झाला होता.

"नाही, ठणठणीत आहे."

"मग तोंड का उतरलंय?"

सांगणं भागच होतं. "झाडाचं खोड हलवलं की शेंडा जास्त हलतो ना, तसं या डोंगराचं आहे. खाली थोडं हललं तरी वर फार हलतं."

"अहो, दरडीला भिऊन तर सगळी आळी वर आली. खडक आहे, बिनघोर राहा म्हणाले होते सगळे."

त्यांची नजर बाहेरच्या खोलीतल्या पाळण्याकडे गेली, मग पाळण्यावरच्या माळ्याकडे. माळा पितळेच्या हंड्यांनी भरला होता.

"धक्का लागला म्हटलं असतं, तर तुम्ही खूश होऊन गेला असता?"

"गेलो असतो."

"आणि पोर इथेच झोपली असती."

त्यांनी स्टूल ओढलं आणि हंडे उतरवायला घेतले. मी खाली उभा राहून ते झेलत होतो. मग मी साहेबांना फोन केला, "मशीन बरोबर आहे. लाल करा."

बायको रडत सामान बांधत होती. "आई, तूही चल ना."

"आळी सोडून मी एकटीच कशी येऊ? आणि त्या मशीनला कोणी पाय लावला, तर जावईबापू पुन्हा माझ्याच नावाने ओरडतील."

मी त्यांची खाट दाराजवळ सरकवून दिली. दुसरं काही सुचलं नाही.

चार-आठ दिवसांनी, भर दुपारी, ऑफिसातल्या पडद्यावर माथ्याची रेघ एकदम उसळली. माझ्या टेबलावरचा चहा तर डचमळलासुद्धा नव्हता. मी फोन लावला. घंटा वाजतच राहिली. पुन्हा लावला. मनात नको नको ते येत होतं.

अखेर फोन उचलला गेला. मागे माणसांचा गलका होता, कुठेतरी पत्रा पडल्याचा आवाज आला. मी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या,

"जावईबापू, मी हात लावलेला नाही हं. आज फुंकरसुद्धा मारली नाही."

आवाज थरथरत होता.

"माहीत आहे, आई," मी म्हणालो.