डोक्यावर परिणाम

माझ्या पोटात दुखतं, हे मी इतक्यांदा बोललेय की घरात आता ते कुणाला ऐकूच येत नाही. बेंबीच्या डावीकडे, ओलं कापड पिळावं तसं दुखतं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रिपोर्ट दरवेळी स्वच्छ. रिपोर्ट पाहून नवऱ्याचा चेहरा उजळायचा आणि माझा पडायचा. काहीतरी निघू दे, म्हणजे एकदाचं कुणी 'हो, दुखतंय' म्हणेल, एवढीच माझी आशा.

धाकट्या जावेनं तर त्याची थट्टाच करून टाकली. त्यांनी नवी गाडी घेतली त्या दिवशी मी ताटावरून उठले, तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, "आज ताईंच्या पोटात दुखणारच!" सगळे खो खो हसले. नवराही हसला, ते मला जास्त लागलं.

मी शर्टाच्या कारखान्यात कापड कापते. थरावर थर रचायचे आणि खडूच्या रेघेवरून धारेचं यंत्र फिरवायचं. हात हलला की सगळे थर वाया. पोटात आग पेटलेली असतानाही माझा हात कधी हलला नाही. आमचे कटिंग मास्तर म्हणायचे, "ताई टेबलाशी असल्या की मी निवांत."

मग एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भेटल्या. जुनाट पोटदुखीवाल्यांच्या मेंदूचे फोटो काढून त्या अभ्यास करत होत्या. माझाही काढला. निकाल ऐकायला नवरा सोबत होता.

"तुमचं दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदूतही बदल होतात. दुखण्याची दखल घेणारा भाग सतत जागा राहतो. मग पोटात जरा गॅस हलला तरी तो बोंब ठोकतो."

'खरं आहे' ऐकून मी तिथेच रडले.

"म्हणजे बिघाड मेंदूत?" नवऱ्यानं विचारलं.

"बदल मेंदूत, पण..."

'पण'च्या पुढचं त्यानं ऐकलंच नाही. घरी पोचताच गावी सासूबाईंना फोन लावला. "अगं आई, पोटाचं काही नाहीच. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

"अहो, परिणाम मेंदूवर झालाय, डोक्यावर नाही!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. असं ओरडणारी बाई शहाणी कशी दिसणार? नवऱ्यानं फोन तोंडाजवळ घेतला आणि हळूच म्हणाला, "ऐकलंस ना, कशी करते ती."

काळजीपोटी त्यानं मास्तरांनाही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या नजरेला नजर देईनात. "ताई, आजपासून बटणांकडे बसा. धारेचं काम नको तुम्हाला."

"माझा हात हललाय कधी?"

"नाही हो. पण सांगता येतं का?"

रिपोर्ट स्वच्छ होते तेव्हा मी नाटकी होते, पण टेबल माझं होतं. आता फोटोत काहीतरी निघालं, आणि मी बटणं लावतेय.

घरात मात्र सगळे मऊ झालेत. जाऊ थट्टा करत नाही. काल जेवताना पुन्हा कळ आली, ताट सरकवून मी म्हटलं, "पोटात दुखतंय माझ्या."

जाऊ पळत पाणी घेऊन आली. नवऱ्यानं पाठीवरून हात फिरवला आणि रडक्या पोराची समजूत काढावी तसा म्हणाला, "हो हो, दुखतंय हं. खूप दुखतंय."

या एका 'हो'साठी मी इतकी वर्षं काढली होती.