थोरल्यांची ओली भिंत

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती मेहुण्याच्या एका वाक्यानं.

मेहुणा औषधाच्या दुकानात कामाला. बहिणीचा खोकला हटेना म्हणून बाटली घेऊन आला होता. मग बाटली द्यावी, चहा प्यावा आणि गुमान निघावं की नाही? पण नाही! भिंतीवरच्या काळ्या बुरशीवर बोट फिरवून म्हणाला, "दाजी, औषधानं काय होणार? ही ओल ताईचा जीव घेतेय. तुमच्या थोरल्यांचं भाकीत केव्हाच फसलं. आता तरी वाळू द्या भिंत."

फसलं म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला!

थोरले म्हणजे शिंप्याच्या पंथाचे संस्थापक. पलीकडचं प्रार्थनेचं सभागृह त्यांनी स्वतः बांधलं, शेवटच्या भिंतीला गिलावा केला आणि थापी खाली ठेवून म्हणाले, "हा गिलावा वाळायच्या आत देव दारात येईल." त्यानंतर ते लवकरच वारले. देव काही आला नाही, आणि भिंत तर वाळायला लागली. मग अनुयायांनी काय करावं? रोज सकाळी भिंतीला पाणी मारायला लागले! तेव्हाची तान्ही बाळं आज आजोबा झालीत, पण भिंत वाळलेली नाही. आता तो मान शिंप्याकडे होता, आणि त्याच भिंतीला लागून त्याची राहती खोली होती.

"वाळलीय का भिंत? हात लावून बघ!" शिंपी कडाडला. "वाळली नाही म्हणजे मुदत संपली नाही. मुदतच संपली नाही, तर भाकीत फसलं कसं? चार गोळ्या विकल्या की माणूस दीडशहाणा होतो!"

मेहुण्यानं कोपरापासून हात जोडले आणि चालता झाला. शिंप्याचं तोंड मात्र थांबेना. बडबडतच त्यानं बादली भरली आणि सभागृहात गेला. बायको छाती धरून मागोमाग आली.

"अहो, माझा भाऊ फटकळ आहे, मान्य. पण तो एकदाच बोलला."

"एकदा बोलला ते कमी झालं?"

"तुम्ही रोज सकाळी पाणी मारून तेच बोलता." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "थोरल्यांचा शब्द खरा असेल, तर त्याला तुमच्या बादलीचा टेकू कशाला? देव येईल म्हणाले ते. पाणी मारत बसा, असं म्हणाले होते का?"

शिंपी बादली उचलून तरातरा दाराशी गेला. मग संतापानं त्यानं अख्खी बादली बाहेरच्या गटारात उपडी केली.

"घे! वाळू दे! थोरले खोटं बोलत नाहीत, कळलं? बघू दे सगळ्या जगाला!"

तो मशीनवर जाऊन बसला खरा, पण एक बाही धड लागेना. सारखा उठायचा, पलीकडे जायचा, भिंतीला तळवा लावायचा. दुपारीसुद्धा ती ओलीच लागली. त्याला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याचाच त्याला असा काही राग आला की कुणावर ओरडावं ते कळेना. मेहुणा तर केव्हाच गेला होता.