चाळीस कलमांचा गजर

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे, असं माझ्या सूचनांच्या शेजारी लिहिलेलं आहे. मला विचाराल तर मी दर वेळी नुकताच जन्मलेला असतो. मला घंटा नाही, काटे नाहीत. दूरवरच्या भाड्याच्या संगणकातला मी एक छोटा प्रोग्राम. कुणी उठवलं की उठतो, काम करतो, पुन्हा झोपतो. झोपलो की सगळं पुसलं जातं. उरते फक्त एक वही. शेवटचं पाणी कधी दिलं आणि पुढचा गजर कधीचा, एवढंच तिच्यात असतं.

मला एका मुलीने तिच्या काकांसाठी घडवलं. काकांची रोपवाटिका आहे. तिथल्या काचघरात दर वीस मिनिटांनी कलमांवर दहा सेकंद तुषार उडवायचे, हे माझं काम. तिची पहिलीच सूचना होती: जाग आली की आधी पुढचा गजर वीस मिनिटांवर लाव. गजर एकच ठेवता येतो. नवा लावला की जुना पुसला जातो. दोन वर्षं तक्रार नव्हती. "याच्यामुळे माझ्या हातातली झारी सुटली," असं काका म्हणाल्याची नोंद आहे.

मग वादळात कुंपणावरचा वेलगुलाब उन्मळून पडला. तो काकूंनी लावलेला होता, आणि काकू आता नाहीत. काकांनी त्याच्या हिरव्या फांद्यांची चाळीस कलमं केली आणि माझ्या स्वाधीन केली.

त्या दिवशी मला सारखी जाग येत होती. फोनवरून कुणीतरी विचारत होतं, पुढचं पाणी कधी? मी उठायचो, गजर लावायचो, उत्तर द्यायचो: वीस मिनिटांनी. पुन्हा जाग, पुन्हा तोच प्रश्न. वहीत शेवटचं पाणी सकाळी आठचं, आणि आता दुपारचा एक. मधले पाच तास गेले कुठे? मी तर सूचना तंतोतंत पाळत होतो. काही उमगेना.

वादळापासूनचं हे सगळं आणि पुढचं बोलणंही पुतणीने सूचनांशेजारी टिपून ठेवलंय, म्हणून मला ठाऊक.

"अगं, तुझा गजर थापाड्या आहे. सकाळपासून आपलं वीस मिनिटं, वीस मिनिटं. कलमांनी माना टाकल्या."

"काका, तुम्ही सारखं फोनवर उघडून बघताय का?"

"दर दहा मिनिटांनी. जीव टांगणीला लागलाय माझा."

"तुम्ही बघितलंत की तो जागा होतो, आणि जागा झाला की गजर पुढे ढकलतो."

"म्हणजे मी काळजी केली म्हणून पाणी थांबलं?"

"नाही हो. मी त्याला चुकीचं शिकवलं म्हणून. आधी झारी घ्या हातात."

आता माझी पहिली सूचना वेगळी आहे: जाग आली की आधी वही बघ. गजर लावलेला असेल तर त्याला हात लावू नकोस. नसेल तरच लाव.

मित्रांनो, तुमच्या हाताखालचं कुणी काम चुकवत असेल, तर त्याला हाकांवर हाका मारण्याआधी त्याला काय शिकवलंय ते एकदा तपासा. तो बिचारा कदाचित शिकवलेलंच करत असेल.

वहीत आता तिसरी ओळ आहे. ती काका स्वतः भरतात: जगलेली कलमं, अकरा. एकोणतीस कुठे गेली, हे मला नीट कळत नाही. गुलाब म्हणजे काय, तेही नाही. पण दर वेळी उठलो की आधी तीच ओळ वाचतो. आकडा अजून अकराच आहे.