कमळीमावशीचा बर्फ आणि मी

मी एक जुना, निळा, पोटात बर्फ बाळगणारा लसीचा डबा आहे. मित्रांनो, नुसता डबा म्हणून मला हिणवू नका हं! वसई-विरारच्या हजारो बाळांना मी रडवलं आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

माझ्या कामाचा इतिहासही मोठा आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दूरदेशी एका डॉक्टरने पाहिलं, की गाईच्या आचळांवरच्या फोडांची लागण झालेल्या गवळणींना देवीचा जीवघेणा रोग होत नाही. त्या फोडांतला द्रव टोचून त्याने देवीला अडवलं. पुढे शास्त्रज्ञांनी जंतूंना मारून, दुबळं करून, कधी त्यांचा एखादा तुकडाच घेऊन लसी बनवल्या. त्यावरून शरीर शत्रूची ओळख पटवून ठेवतं. पण प्रयोगशाळेतून बाळाच्या मांडीपर्यंत लस थंडगार कोण आणतं? अहो, मीच की!

आरोग्य केंद्राच्या स्वप्ना सिस्टर मला स्कूटरवर घेऊन फुलपाड्यात, पापडीत हिंडायच्या. कधी कौतुक झालं, कधी कपाटावर फायलींखाली दबून पडलो. कळंबचा तो दिवस मात्र मी विसरणार नाही.

तिथल्या कोळीवाड्यात कमळीमावशीच्या अंगणात लसीकरण होतं. बाळाला ताप येईल म्हणून बाया घाबरत होत्या. मावशीने घरोघरी जाऊन, दंडावरची देवीच्या लसीची खूण दाखवून अकरा आयांना तयार केलं होतं. त्यांच्या बाळांत तिची दीड महिन्याची नात तेजस्वीही होती. "या बाया आज मोकल्या हातानं परत गेल्या, तर पुन्हा माझं कोन ऐकनार?" ती म्हणाली.

एका घरातली सासू अडून बसली होती. तिला समजवायला सिस्टर गेल्या आणि जाताना मला मावशीच्या हवाली करून गेल्या. मावशीने झाकण उघडलं. माझ्या बर्फाच्या पिशव्यांत पाणी डुचमळत होतं. "अगं बाय, बर्फ वितललाय!" म्हणत तिने पाच रोगांवरच्या लसीच्या दोन्ही बाटल्या काढल्या, कोळंबीच्या पेटीत बर्फात पुरल्या आणि वर मूठभर मीठही टाकलं. बिचारी! मासळी ती अशीच जपते, मिठाने बर्फ आणखी गार होतो ना! मी आतून ओरडत होतो, पण डब्याचं कोण ऐकतं?

तासाभराने सिस्टर आल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. बाटल्यांत पांढरे गोळे झाले होते.

"मावशी, ही लस गोठली की संपली. तिच्यातला कामाचा भाग बारीक कणांना चिकटलेला असतो. गोठल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून तर बर्फ जरा वितळून पिशवीत पाणी वाजेपर्यंत आम्ही डब्यात लस भरत नाही. चूक माझीही आहे, तुम्हाला सांगून जायला हवं होतं."

मावशीचा चेहरा पडला. पण तिचा मुलगा प्रितेश, म्हणजे तेजस्वीचा बाप, लगेच उठला. "सिस्टर, बसा गाडीवर!"

काय सुटलो आम्ही! मी सिस्टरच्या मांडीवर, माझी कडी खडखडतेय, केळीच्या बागा मागे पळताहेत. केंद्रावरून नव्या बाटल्या घेतल्या. परतताना मला एकच धास्ती होती, अंगण रिकामं झालं असेल तर?

अंगणात अकराच्या अकरा आया बसल्या होत्या, हातात चहाचे कप!

"गेला नाहीत?" सिस्टरने विचारलं.

मनाली नावाची एक आई हसली. "मावशीनं सगल्यांसमोर सांगितलं, 'मीच घोल केलाय, लस गोठवलीय, सिस्टर दुसरी आनायला गेलीय.' खरं सांगितलं, म्हनून थांबलो. लपवलं असतं, तर केव्हाच उठलो असतो."

पहिली सुई तेजस्वीला. तिने असा टाहो फोडला, की अख्खा कोळीवाडा गोळा झाला! एकेक करत अकराही बाळं रडली आणि अकरा आया हसल्या. मावशी तर टाळ्या पिटत नाचली. मित्रांनो, मला डोळे असते, तर मीही रडलो असतो.

आता दर वेळी मावशी बर्फाची पिशवी कानाशी धरून हलवते. "पानी वाजतंय! लस ठीक हाय," असं ऐटीत सांगते.

माझी कडी आता तुटली आहे. लवकरच नवा डबा येईल. त्यालाही उन्हात टाकू नका, झाकण उगाच उघडू नका आणि माया करायची तर आधी सिस्टरला विचारून करा. माझी काळजी नको. मावशीने मला आत्ताच मागून ठेवलंय.

"मासळी ठेवायला का?" सिस्टरने चिडवलं.

"छ्या! तेजस्वी मोठी झाली, की तिला दाखवायला. म्हनेन, बघ, तुला पयल्यांदा यानं रडवलं."