पाव गोळी

हिरडीचा रंग गुलाबी नव्हता आणि निळाही नव्हता. कुमुदताईंनी मांजरीचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून धरला आणि तिचं तोंड बाल्कनीच्या उजेडाकडे वळवलं. चहाच्या गाळणीला वापरून वापरून जो रंग बसतो, तसा काहीसा रंग होता तो. त्यांनी बोटाने हिरडी दाबून सोडली. दाबलेली जागा पांढरी पडते आणि मग रक्त परत भरतं. त्याला फार तर दोन सेकंद लागावेत. त्यांनी मनात चारपर्यंत आकडे मोजले आणि ओठ सोडला.

"काय वाटतंय, आई?" सुनेने, रुचिताने विचारलं. ती गुडघे टेकून समोरच बसली होती. ऑफिसच्या पर्सचा पट्टा अजून खांद्यावरच होता.

"श्वास जोरात घेतेय," कुमुदताई म्हणाल्या.

ते खरं होतं. जे सांगायला हवं होतं ते मात्र त्यात नव्हतं.

मांजरीचं नाव इडली. दोन वर्षांपूर्वी अक्षदाला, म्हणजे नातीला, ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडली होती. तेव्हा ती पांढरी, गोल आणि मूठभर होती, म्हणून इडली. कुमुदताईंनी पहिले आठ दिवस विरोध केला. नवव्या दिवशी इडली त्यांच्या पायांवर झोपली आणि तो विषय संपला. गुरुवारी तिला वार्षिक लस दिली होती. शुक्रवारी ती जेवली नाही. शनिवारी सकाळी रुचिता म्हणाली की हाफ डे आहे, दुपारी आले की दाखवून आणते. त्यावर, एवढ्यातेवढ्याला कशाला डॉक्टर, पाचशे-सहाशे रुपये जायचे, असं कुमुदताईच म्हणाल्या होत्या.

रुचिता ऑफिसला आणि अक्षदा चित्रकलेच्या क्लासला गेल्यावर त्यांनी इडलीच्या मांडीच्या बेचक्यात थर्मामीटर धरला. एकशे एक पॉइंट सहा. म्हणजे ताप. तापाला काय द्यायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी फ्रिजवरचा औषधांचा डबा काढला, पॅरासिटामॉलच्या गोळीचे दोन आणि मग त्यातल्या एका अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे केले, एक पाव चमच्याच्या पाठीने कुस्करला, साईत कालवला आणि जिभेच्या मुळाशी ठेवून इडलीचा गळा चोळला. तिने गिळलं. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम होतं.

कुमुदताईंनी एकतीस वर्षं डोंबिवलीत डॉक्टर केळुसकरांच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. बारावी सायन्सनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. पुढचं जे काही त्या शिकल्या ते दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे. डॉक्टर आतून आवाज द्यायचे, "बाई, अर्धी तीन वेळा," आणि त्यांच्या बोटांत गोळी बरोबर मधोमध तुटायची. कागदाच्या पुड्या, बाटलीवर डोसाच्या पट्ट्या, वरून "जेवल्यावर घ्यायचं, उपाशीपोटी नाही." एवढ्या वर्षांत एकही पुडी चुकली नाही. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, तरी बिल्डिंगमधल्या बायका अजून दारात येतात, शिर्केकाकू, बाळाला किती देऊ? घरातलं स्वयंपाकघर रुचिताचं, टीव्ही मुलाचा, संदेशचा. औषधांचा डबा मात्र कुमुदताईंचा. त्याला दुसरं कोणी हात लावत नाही.

जनावरांच्या डॉक्टरचा प्रश्नही घरात त्यांच्याच मताने सुटला होता. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना स्वस्त, पण लांब आणि संध्याकाळी बंद. रुचिताच्या मैत्रिणी माजिवड्याच्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव घ्यायच्या. तिथे एसी, लॅब, सगळं एका छताखाली. मागच्या गल्लीतल्या साकेत डॉक्टरांची चिठ्ठी दोन ओळींची असते, हे कुमुदताईंनी पहिल्याच वेळी पाहून ठेवलं. चिठ्ठी जितकी लांब तितका डॉक्टर कच्चा, हे त्यांचं माप होतं. ठरलं, साकेत डॉक्टर.

आता पाच वाजता त्या दोघी त्यांच्याच टेबलापाशी उभ्या होत्या. अक्षदाला शेजारी सोडलं होतं. साकेत डॉक्टरांनी ताप पाहिला. नव्व्याण्णवच्या खाली होता.

"सकाळी एकशे एक पॉइंट सहा होता," कुमुदताई म्हणाल्या.

"ते नॉर्मलच आहे, काकू. मांजराचं तेवढंच असतं. लशीने दोन दिवस मलूल पडतात, आपोआप उठतात." डॉक्टरांनी हिरडी पाहिली, आणि दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "घरात काही खाल्लंय का हिने? फिनेल, उंदराचं औषध? माणसांची एखादी गोळी?"

कुमुदताईंनी इडलीच्या मानेवरचा हात हलवला नाही. त्या बोलणार होत्या. पण त्या शब्द जुळवत होत्या आणि रुचिता जुळवत बसणारी नव्हती.

"छे हो. आमच्या आई कंपाउंडर होत्या. त्यांना विचारल्याशिवाय घरात कफ सिरपची बाटलीपण हलत नाही."

डॉक्टर मान हलवून हसले. मग म्हणाले की हिला ऑक्सिजन लागेल, तो माझ्याकडे नाही, उशीर करू नका, माजिवड्याला न्या. फी त्यांनी घेतली नाही. कुमुदताईंना वाटलं, घेतली असती तर बरं झालं असतं.

कॅब मोठागावच्या पुलावर चढली. खाली खाडीला ओहोटी होती आणि चिखल चकाकत होता. इडलीची टोपली दोघींच्या मध्ये होती. पाचशेचा पाव म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम, कुमुदताईंनी हिशोब मांडला. इडलीचं वजन चार किलो. किलोला एकतीस. लहान मुलाला पंधराच्या वर द्यायचं नाही. खिडकीपाशी मूल आलं की त्यांचा पहिला प्रश्न, वजन किती? आज त्यांनी तो स्वतःला विचारला नव्हता. मांजर म्हणजे छोटं बाळ, बाळाला पाव गोळी, एवढंच डोक्यात आलं होतं. पण दुप्पट डोसाने बाळाचंदेखील असं होत नाही, हेही त्यांना माहीत होतं, आणि त्या आधाराला त्यांनी घट्ट धरून ठेवलं. दुसरं काहीतरी असेल. लशीचं असेल. लस तर डॉक्टरांनी दिली होती.

रुचिताने संदेशला फोन लावला. तो शीळफाट्याजवळच्या गोदामात सुपरवायझर आहे, शनिवारीही शिफ्ट असते. त्याचं बोलणं फोनबाहेर ऐकू येत होतं. लागेल ते कर, पण पंधरा हजारांच्या वर जाऊ नको, या महिन्यात नाही जमणार, मी सुटलो की थेट येतो. रुचिता "हो रे, हो" म्हणत राहिली.

"माझ्याकडे आहेत थोडे," कुमुदताई म्हणाल्या.

रुचिताने त्यांचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "पैशाचं बघू आपण. तुम्ही सोबत आहात ते बरंय, आई. मला एकटीला काही सुचलं नसतं."

कुमुदताई काही बोलणार होत्या ते राहिलं. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी चार मिनिटं थांबली. त्या चार मिनिटांतही ते राहिलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्मवर "इडली शिर्के" लिहिलं आणि तसंच मोठ्याने पुकारलं. एका बुलडॉगचा मालक हसला आणि मग टोपलीत बघून त्याने आपल्या कुत्र्याला जवळ ओढलं. पाच हजार आधी भरायचे होते, ते रुचिताने भरले. आत प्रीती मॅडम नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी काहीही न विचारता इडलीला आधी काचेच्या पेटीत ठेवलं आणि ऑक्सिजन सुरू केला. इडलीचं तोंड आता सुजल्यासारखं दिसत होतं, डोळे बारीक झाले होते. मग पुढचा पाय थोडा भादरून त्यांनी रक्त काढलं.

सिरिंजमध्ये चढलेल्या रक्ताकडे कुमुदताई बघत राहिल्या. ते काकवीसारखं होतं. प्रीती मॅडमनी त्याचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकला आणि घड्याळाकडे पाहिलं. हवा लागली की रक्त लाल होतं, हे डॉक्टरांना आणि कुमुदताईंना, दोघींनाही माहीत होतं. दोघीही थांबल्या. थेंब पसरला, कडेने वाळायला लागला, पण लाल झाला नाही.

दुसरं काहीतरी असेल, हा आधार तिथे संपला.

"हिचं रक्त ऑक्सिजन धरत नाहीये," प्रीती मॅडम रुचिताला म्हणाल्या. "असं करणाऱ्या चार-पाच गोष्टी असतात. रक्तातले परजीवी, एखादं केमिकल, कांदा, एखादं औषध. कांदा घातलेलं काही खाल्लं?"

"नाही. कॅट फूड आणि उकडलेलं चिकन."

"आणि औषध? माणसांचं?"

"नाही."

"नक्की ना? बऱ्याचदा लोक प्रेमानेच देतात, आणि मग सांगत नाहीत. मी ओरडणार नाहीये."

"हंड्रेड पर्सेंट, मॅडम. आमच्याकडे तसं कोणी करणारच नाही." रुचिताचा आवाज थोडा दुखावलेला होता. तो सासूच्या वतीने दुखावला होता.

प्रीती मॅडमनी मग कागदावर खर्चाचा अंदाज लिहून दिला. परजीवींची तपासणी, लिव्हर, किडनी, बाहेरच्या लॅबला पाठवायची एक विषबाधेची तपासणी, सोनोग्राफी. ऑक्सिजन तासावर. रात्री रक्त चढवायला लागलं तर ते वेगळं, आणि त्यासाठी दुसरं मांजर शोधावं लागेल. तपासण्यांचेच नऊ हजार होत होते.

"सगळं आज करणं परवडत नसेल तर मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "कारण माहीत असतं तर यातलं बरंच लागलंही नसतं. काही गोष्टींवर उतारा असतो, पण तो अंदाजाने सगळ्याचा मिळून नाही देता येत. आणि पहिल्या काही तासांत दिला तरच." पेटीतून घरघर ऐकू आली म्हणून त्या तिकडे वळल्या.

रुचिता खुर्चीवर बसली. तिने कागद मांडीवर ठेवून दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला. पंधरातले पाच भरून झाले होते. उरलेल्यात एकतर तपासण्या बसत होत्या, नाहीतर ऑक्सिजन आणि रक्त. तिने पर्समधून पेन काढलं, एका ओळीवर टेकवलं, उचललं. मग कागद आणि पेन दोन्ही कुमुदताईंच्या पुढे धरलं.

"आई, तुम्हीच सांगा. यातल्या कुठल्या करू नि कुठल्या सोडू? मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं."

कुमुदताईंनी कागद घेतला. चष्मा नाकावर वर सरकवला. अक्षर स्वच्छ होतं. तपासण्यांच्या पाच ओळी, प्रत्येकीपुढे रक्कम. त्यातल्या परजीवींच्या ओळीपुढे सतराशे होते. ते सतराशे परजीवी नाहीत हे सांगण्याचे होते, आणि ते त्यांना फुकट सांगता येत होतं.

पुढचंही त्यांना दिसत होतं, त्यासाठी फार डोकं लागत नव्हतं. रुचिता ओरडणार नाही. तिचा स्वभाव तसा नाही. फक्त पुढच्या वेळी अक्षदाला ताप आला की ती रात्री संदेशला उठवेल, फोनवर बघेल, डॉक्टरला मेसेज टाकेल, आणि सकाळी सांगेल, तुमची झोप मोडायला नको म्हणून. डबा एक दिवस फ्रिजवरून कपाटात जाईल. बिल्डिंगमधल्या बायकांना कोणी काही सांगणार नाही, पण ते कळेल. एकसष्टाव्या वर्षी माणसाजवळ जेवढं स्वतःचं म्हणून असतं, त्यातलं बहुतेक जाईल.

पेटीत इडलीने मान उचलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा टेकली. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. साडेदहापासून आठ तास. यातले दीड तास, साकेत डॉक्टरांनी विचारल्यापासूनचे, सरळ त्यांच्या खात्यावर होते.

"अगं, थांब," रुचिता प्रीती मॅडमना हाक मारायला उठली तेव्हा कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी केली नाही, तो तसाच टेबलावर ठेवला. डॉक्टर पेटीपाशी होत्या, चार पावलांवर. त्यांना ऐकू जाणारच होतं. म्हणून कुमुदताई त्यांच्याकडे वळल्या नाहीत. सुनेकडे बघून, आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या,

"यातली एकही नको. पॅरासिटामॉल आहे. पाचशेची पाव गोळी, सकाळी साडेदहाला, साईतून. मी दिली."