स्वतःच्या बळावर

मोहनकाकांच्या क्युपर्टिनोच्या घरी जेवायचं बोलावणं आलं की मी आधी न जाण्याची कारणं शोधते. नात्यानं ते आमचे कुणी नाहीत, कॅलिफोर्नियातली इथली सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतात. काका वाईट नाहीत. उलट फार प्रेमळ आहेत, आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाला तोंडावर बोलता येतं. काकांनीच माझ्या नवऱ्याला, गुरुनाथला, सॅटेलाइट इंटरनेटच्या कंपनीत घेतलं. त्यांच्याच हाताखाली तो काम करतो आणि आमच्या ग्रीन कार्डचं प्रकरणही तिथूनच चाललंय.

त्या शनिवारी टेबलावर एकच विषय होता. कंपनीला दक्षिण आफ्रिकेत इंटरनेट द्यायचं होतं. तिथला नियम असा, की लायसन्स हवं असेल तर तीस टक्के मालकी तिथल्या डावलल्या गेलेल्या लोकांकडे हवी, म्हणजे मुख्यतः काळ्या लोकांकडे. कंपनी म्हणत होती, मालकी देणार नाही, त्याऐवजी खेड्यातल्या शाळांना फुकट इंटरनेट देऊ. त्या शाळांचा आराखडा गुरुनाथच करत होता.

"म्हणजे तिकडेही आरक्षण!" काका म्हणाले. "अरे, त्यालाच कंटाळून आपण इथे आलो ना? आपण सगळे ओपनवाले, यार. आपल्याला कुणी काही फ्री दिलं?"

सगळे हसले. गुरुनाथही हसला. मी ताटातलं वांगं उगाचच चिवडत बसले.

आम्ही दोघंही आरक्षणातून शिकलो. गुरुनाथच्या अ‍ॅडमिशनसाठी आणि हॉस्टेलसाठी सासऱ्यांनी नागपूरच्या समाजकल्याणच्या ऑफिसात इतके खेटे घातले की तिथला शिपाई त्यांना नावानं हाक मारायचा. ते पोस्टमन होते. पोराला कुणी मागच्या बाकावर बसवू नये म्हणून शाळेत घालतानाच त्यांनी जुनं आडनाव सोडून गावाचं लावलं, सावनेरकर. आपल्या लोकांना एक खोड आहे. नाव सांगितलं की आडनाव विचारतात, त्यानं भागलं नाही तर गाव, आणि जातीपर्यंत पोचेस्तोवर चहा थंड झाला तरी चालतो. काकांनीही पहिल्या भेटीतच आमचा अंदाज बांधला. शेवटी ‘कर’ असलेलं आडनाव, स्वच्छ मराठी, हुशार मुलगा, म्हणजे आपल्यातलाच. त्यांना दुसरं काही सुचलंसुद्धा नाही. आणि आम्ही गप्प राहिलो.

सोमवारी काकांनी गुरुनाथला केबिनमध्ये बोलावलं. संध्याकाळी तो सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"कंपनी त्या तीस टक्क्यांच्या नियमाविरुद्ध एक व्हिडिओ करतेय," तो म्हणाला. "वॉशिंग्टनमध्ये दाखवायला, तिकडे आफ्रिकेतही. काका म्हणाले, आपल्यासारखा ब्राउन माणूस बोलला तर लोक ऐकतात. पोस्टमनचा मुलगा, मराठी मीडियम, नो कोटा, प्युअर मेरिट. परफेक्ट स्टोरी आहे म्हणे."

मला हसावं की रडावं कळेना. "नाही म्हण."

"कारण काय देऊ?"

"खरं ते दे."

"आणि मग? काका काढून टाकणार नाहीत, अहिल्या. गोडच बोलतील. मग जेवायला बोलवणार नाहीत, मग मीटिंगला बोलवणार नाहीत. आपली राधिका कॉलेजला जायच्या वेळी आपण बॅगा भरत असू."

"तू जीव तोडून अभ्यास केलास, ते खरंच आहे," मी म्हणाले. "पण दार उघडं होतं म्हणून आत गेलास ना? ते काय आपोआप उघडलं?"

"लायसन्स मिळालं तर त्या शाळांना इंटरनेट मिळेल," तो म्हणाला. त्यालाच ते पटलेलं नव्हतं.

मी भांडी आपटली. त्याला बुळा म्हणाले, आणखीही बरंच बोलले. आणि सकाळी त्याचा निळा शर्ट इस्त्री करून दिला. ग्रीन कार्ड मलाही हवं होतं.

व्हिडिओ चांगला झाला, दुर्दैवानं. गुरुनाथ कॅमेऱ्यात बघून शांतपणे सांगतो, की माझ्या देशातही असे नियम आहेत, मी मात्र स्वतःच्या बळावर आलो, माणसाला संधी गुणांवर मिळावी, जन्मावर नाही. इतकं सहज बोलतो की क्षणभर मलाही खरं वाटलं. लायसन्सचं घोंगडं मात्र भिजत पडलं ते पडलंच. कंपनीनं शाळांचं काम थांबवलं आणि गुरुनाथला दुसऱ्या टीममध्ये टाकलं.

पुढच्या वेळी काकांनी तो व्हिडिओ हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावला. टाळ्या झाल्या. गुरुनाथ चपलांच्या रॅकजवळ उभा होता, निघायच्या तयारीत असल्यासारखा.

तेवढ्यात राधिका उठली. आमची एकुलती एक मुलगी, अकरावीत आहे, कॉलेज प्रवेशाच्या निबंधाच्या मागे लागलेली. तिला आम्ही यातलं काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. इथे त्याची काय गरज, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

"आय ॲम रायटिंग माय कॉलेज एसे ऑन बाबा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ही डिड इट ऑल बाय हिमसेल्फ. नो हेल्प फ्रॉम एनीवन."

"वा!" काका म्हणाले. "मग आजोबांचा पण इंटरव्ह्यू घे की."

तिला तेवढंच हवं होतं. तिकडे भारतात सकाळ झाली होती. मी "राधिका, नको" म्हणेपर्यंत तिनं व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. फोनवर सासरे दिसले, बनियनवर, चष्मा कपाळावर. व्हिडिओ तिनं त्यांना आदल्याच दिवशी पाठवला होता. इंग्रजी पत्ते वाचण्यात त्यांची हयात गेली. तो व्हिडिओ त्यांना नक्की समजला होता.

"आजोबा, बाबा सगळं स्वतः करून इथे आला ना? कुणी हेल्प नाही केली ना?"

तिनं फोन फिरवून त्यांना सगळी खोली दाखवली. काका हात हलवून नमस्कार करत होते. शेवटी गुरुनाथ दिसला. सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्याच्याकडे बघितलं. गुरुनाथनं मान खाली घातली. आता बोलतील, मला वाटलं. खरं सांगते, बोलावं असंच वाटत होतं. एकदाचं संपलं असतं.

"हो बाळा," सासरे म्हणाले. "सगळं त्यानं एकट्यानं केलं. आम्ही त्यात कुणीच नव्हतो."

पुन्हा टाळ्या झाल्या. राधिकानं लगेच ते वाक्य लिहून घेतलं.